भैरीच्या डोक्यावरून

मार्गशीर्षातलं धुकं. आंबेघोलच्या टेकावर उभं राहिलं की खालची दरी दुधानं काठोकाठ भरलेली. त्या दुधातनं मध्येच एखादं झाड शेंडा वर काढायचं आणि परत बुडायचं. राधानगरीच्या पल्याडचा हा डोंगर ऊन चांगलं वर आल्याशिवाय कुणाला तोंड दाखवत नाही. तरी इरम जमादार तांबडं फुटायच्या आत येऊन बसली होती. लग्नाच्या कामांची सवय. नवरी उशिरा येईल, भटजी उशिरा येतील, फोटोवाल्यानं उशिरा जाऊन चालत नाही.

तिनं गवतावर गोल चटई अंथरली, कडेनं धोंडे ठेवले. पेटीतनं ड्रोन काढला. एकेक पातं मऊ फडक्यानं पुसलं, बोटानं फिरवून बघितलं. बॅटऱ्या तेवढ्या बाहेर काढल्या नाहीत. गारठ्यात त्यांचा जीव लवकर जातो, म्हणून त्या तिनं स्वेटरच्या आत पोटाशी धरल्या होत्या.

"अंडी उबवालीस काय गं?" क्रांती खाडे म्हणाली.

क्रांती म्हणजे इथली वनरक्षक. खाकी कपडे, कानाला मफलर, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावर चरणारी जनावरं मान वर करून बघतील.

"उबवालोय की," इरम म्हणाली. "बघ आता कसलं पिल्लू उडतंय."

इरम शहरातल्या शिवाजी पेठेतली. तिच्या वडलांचं, कुतुबुद्दीन जमादारांचं, तिथं फोटोचं दुकान. काळ्यापांढऱ्या फोटोत ब्रशनं हातानं रंग भरायच्या जमान्यातला माणूस. उसाच्या फडात रापलेला नवरदेव कुतुबभाईंच्या ब्रशखालनं गुलाबी होऊन बाहेर पडायचा. "लगीन एकदाच व्हतंय, त्यात तरी माणूस देखणं दिसू दे," हे त्यांचं म्हणणं. पुढं ब्रश गेला, कॉम्प्युटर आला, म्हणणं तेच राहिलं. पोरगीनं ड्रोन घेतला, परीक्षा देऊन उडवायचं लायसन काढलं, आणि आता जिल्ह्यातल्या निम्म्या लॉनवरनं तिचा ड्रोन फिरून आलेला.

क्रांतीच्या बहिणीच्या लग्नाचं पिक्चरही तिनंच काढलं. पिक्चर बघताना घरच्या बाया नवरीकडं बघून डोळे पुसत होत्या आणि क्रांती लॉनच्या कडेच्या नारळाकडं बघत बसली होती.

"वरनं झाडाचा शेंडा इतका साफ दिसतोय व्हय?" तिनं विचारलं होतं. "मग माझं एक काम कर."

काम असं होतं. मागच्या साली डोंगरापलीकडच्या खोऱ्यात जुन्या आंब्यांची अख्खी रांग वाळून गेली. भिरूड लागला होता. भुंगा सालीत अंडी घालतो, अळी खोडात शिरून आतनं पोखरते. झाड वरनं मरत येतं आणि माणूस खालनं बघतो. दाट रानात खाली उभं राहून वर बघितलं तर नुसता अंधार दिसतो. शेंडा पिवळा पडलाय हे कळेपर्यंत वेळ गेलेली असते. लवकर सापडलं तर अळ्या ओढून काढून भोकं बुजवता येतात. उशीर झाला तर करवत.

आणि आंबेघोलच्या देवराईत करवत चालत नव्हती. भैरीची राई ती. तिथं काडी मोडायची नाही, वाळलं लाकूड उचलायचं नाही, चपला बाहेर काढायच्या. एकेक आंबा असा की चार गड्यांनी हाताला हात धरला तरी बुंधा कवेत येऊ नये. भिरूड इथं शिरला असेल तर तो आत्ताच दिसायला पाहिजे होता. नाहीतर पोरंबाळं मोठी होतील तेव्हा बघायला राई नसेल. क्रांतीला रात्रंदिवस तीच काळजी.

धुकं विरायला लागलं तसा जोतीराम गुरव पायवाटेनं वर आला. धोतराचा सोगा खोचलेला, हातात फुलांची परडी. भैरीचा पुजारी. त्यानं ड्रोनभोवती एक फेरी मारली.

"पावणं, ही गांधीलमाशी उडणार कुठनं?"

"राईवरनं, मामा," इरम म्हणाली.

"म्हंजे देवाच्या डोक्यावरनं."

क्रांतीनं कपाळाला हात लावला. ही अडचण तिच्या ध्यानातच आली नव्हती. भैरीला डोक्यावर काही सोसत नाही. म्हणून त्याला देऊळ नाही. नुसता शेंदूर फासलेला धोंडा, वर आंब्याची फांदी, त्यावर आभाळ. मागं कुणी तरी हौसेनं पत्र्याचं छप्पर घातलं होतं. पहिल्याच वावटळीत ते उडालं.

"आन् सापडलं कुठं, सांगा की पावण्यास्नी," क्रांती म्हणाली.

"सापडलं माझ्याच गोठ्यावर," जोतीराम निर्विकारपणानं म्हणाला. "देवानं दिलं, मी ठिवून घेतलं. पर ते सोड. इचारल्याबिगर उडवायचं न्हाय. कौल लावू."

तिघं चपला काढून राईत उतरली. आत थंडगार, ओलं, पानांचा वास. जोतीरामनं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "बाबा, ही जमादाराची पोरगी तुझी राई वरनं बघणार म्हणतीया. बघू दे?" जरा वेळानं उजवी पाकळी अलगद घसरली. जोतीराम लगेच उठला नाही. दुसरी पाकळी लावली. "आन् जे दिसंल ते आधी तुला दावायचं. बराबर?" तीही उजवीच पडली.

"झालं. पयला मान देवाचा," जोतीराम म्हणाला. "तुमचं हापीस मागनं."

ड्रोन उठला. इरमनं आजवर हजारभर मांडव वरनं बघितले होते. माणसांची गर्दी, रोषणाई, घोडं, वरात. पण त्या सकाळी हातातल्या पडद्यावर जे उलगडलं त्यानं तिचा अंगठा जागच्या जागी थांबला. खालनं जो अंधार वाटत होता तो वरनं उजेड होता. जांभळाचे गोल, हिरड्याचे फाटे, आंब्याचे डोंगरासारखे डेरे, एकाशेजारी एक दाटीनं, पण अंगाला अंग लावून नाही. दोन झाडांत जेवढ्यास तेवढी फट, भरल्या पंगतीत माणसं अंग चोरून बसतात तशी. फटींतनं धुक्याची वाफ वर येत होती. सगळी राई श्वास घेत होती. एक धनेश पंख पसरून ड्रोनच्या खालनं गेला, आणि पक्ष्याची पाठ अशी आपल्या खाली बघताना इरमच्या अंगावर काटा आला.

"बोल की, काय दिसालंय?" क्रांती ओरडली.

"थांब," इरम म्हणाली. तिनं ड्रोन आणखी वर घेतला.

दुपारपर्यंत गाव जमलं. देवाला पिक्चर दावणार म्हटल्यावर कोण घरात थांबतंय? इरमनं टॅब उघडला. कॅमेऱ्यातनं येणारं कच्चं चित्र नेहमी फिकं असतं, धुतलेल्या लुगड्यागत. रंग मागनं भरायचे असतात. तिनं एकदा देवाकडं बघितलं, एकदा जमलेल्या बायाबापड्यांकडं. असं निस्तेज कसं दाखवायचं? नवरीला कुणी न नटवता मांडवात आणतं का? हात आपोआप गेला. टॅबवर एक बटण होतं, 'लॉन' नावाचं, अब्बांनी बनवून दिलेलं. वैशाखात मंगल कार्यालयाचं लॉन करपलेलं असतं. ते बटण दाबलं की सगळं गर्द हिरवं. तिनं दाबलं.

टॅब धोंड्यासमोर उभा केला. मागं गाव दाटीनं बसलं. राई उलगडत गेली तसा आवाज बंद झाला. पिढ्यान् पिढ्या जिच्या सावलीत नवस बोलले ती राई वरनं कशी दिसते हे आजवर कुणी बघितलंच नव्हतं. एका म्हातारीनं पडद्यालाच हात जोडले.

"देवाला आसं दिसत आसंल सगळं," जोतीराम हळूच म्हणाला.

क्रांतीनं ते पिक्चर पुन्हा पुन्हा बघितलं. कुठं पिवळं नाही, कुठं वाळलेलं नाही. तिचा चेहरा उजळला. "निर्मळ हाय गं बाई! ह्यातलंच मला दे. उद्या हापिसात पाठवतो."

दुसऱ्या दिवशी दुकानात कुतुबभाईंनी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढली. पोरीचं काम बघितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. बघता बघता ते पुढं झुकले. "सुभानल्ला," म्हणाले. मग चष्मा काढून परत पुसला, परत लावला.

"काय झालं, अब्बा?"

"ह्यो हिरवा कुठला?"

"झाडाचा. दुसरा कुठला?"

"न्हाय बेटा. पिवळा खाऊन फुगलेला हिरवा हाय ह्यो. माझा हाय. मीच बनवलाय, मला वळखू येत न्हाय व्हय?" त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "कच्चं दाव."

इरमनं कच्चं चित्र लावलं. राई फिकी झाली, धुरकट झाली. आणि त्या फिकेपणात, ओढ्याच्या अंगाला, एक डेरा पिवळाधमक. निम्म्या फांद्या उघड्या. त्याच्या वरचा अर्धा पिवळा. त्याच्या वरचा एका कुशीला. रात्री कुणी दिवा हातात घेऊन झाडाझाडातनं चढ चढत जावं, तशी ती पिवळी ओळ ओढ्यापासनं वर निघाली होती. शेवटचं झाड भैरीच्या डोक्यावरचं. त्याच्या फक्त एका फांदीचा शेंडा, हळदीचं बोट लागल्यासारखा.

बापलेक दोघंही त्या ओळीकडं बघत राहिली. बाहेर पेठेत पोरांचा फुटबॉलवरनं दंगा चालला होता, तो ऐकू येईना.

"अब्बा, मला ते सगळंच फिकं वाटलं, पिवळं म्हणून बघितलंच न्हाय. गावासमोर..."

"नवरी न्हाय ती," कुतुबभाई म्हणाले. "आजारी हाय. फोन लाव."

"क्रांती, पाठवलंस काय गं?"

"आत्ता बसलोय पाठवायला. का?"

"नको पाठवू. हिरवा रंग माझा हाय. मी लॉनचं बटण दाबलं हुतं. खाली पिवळं हाय. भैरीपर्यंत गेलंय."

पलीकडं टेबलावर काही तरी आपटलं. मग क्रांतीनं एक शिवी हासडली. तेवढी दिल्यावर ती म्हणाली, "सकाळी ये. मी गाव गोळा करतो. आता तूच सांगायचं, तुझ्या तोंडानं."

ते सगळ्यात अवघड होतं. परत तोच धोंडा, तोच टॅब, तीच माणसं. इरमनं कच्चं चित्र लावलं आणि काय झालं ते सांगितलं. मान खाली न घालता.

जोतीरामनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे परवा देवाला पावडर लावून दावलीस व्हय?"

मागनं कोण तरी फिसकन हसलं. जोतीरामनं वळून बघितलं तसं गप्प झालं.

"व्हय मामा. चुकलं."

"देवाचं सोड. त्यो तर रोज वरनं बघतोय. फसलो आमी." मग त्यानं पडद्यावरचं सगळ्यात पिवळं झाड बोटानं दाखवलं. "ह्ये कुठलं? चला."

ओढ्याकाठचा तो आंबा खालनं अगदी धडधाकट दिसत होता. पण बुंध्याशी पानं बाजूला सारली तर लाकडाचा ओला भुसा, रवा सांडल्यागत. साल बारीक भोकांनी टोचलेली. क्रांतीनं जोतीरामचं डोकं धरून बुंध्याला लावलं. "ऐका."

त्यानं कान टेकवला आणि त्याचे डोळे मोठे झाले. एकेक करून सगळ्यांनी कान लावला. आत, अगदी आत, करकर, करकर. थांबत नव्हतं.

"आत सुतारकाम चाललंय की रं," कोण तरी पुटपुटलं.

क्रांतीनं सायकलच्या चाकाची तार टोकाला वाकवली, एका भोकात घातली आणि फिरवून ओढली. अंगठ्याएवढी पांढरी, लिबलिबीत अळी बाहेर आली. तिला डोळे नव्हते, पाय असून नसल्यासारखे. एवढा मऊ जीव एवढं झाड खातो! माणसं पुढं वाकून बघत राहिली. किळस येण्याच्या आधी नवल वाटलं.

"वरची झाडं वाचत्यात," क्रांती म्हणाली. "तारेनं अळ्या काढायच्या, भोकात औषधाचा बोळा कोंबायचा, वर चिखल लिंपायचा. पर ह्ये एवढं पाडायला लागंल. ह्यातनं पावसाळ्यात भुंगं निघाले की सरळ भैरीच्या झाडावर जात्यात."

पाडायचं म्हटल्यावर सगळे जोतीरामकडं बघायला लागले. त्यानं मुकाट्यानं परडी उचलली. पाकळ्या लावल्या. विचारलं. या वेळी देवानं लई वेळ घेतला. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. क्रांतीच्या ओठांवर काही तरी पुटपुटणं चाललं होतं. आणि डावी पाकळी पडली.

क्रांती मटकन खाली बसली. "आता काय करायचं ओ? ह्यो देव स्वतःचंच रान घालवालाय."

"गप गं," जोतीराम म्हणाला. पण तोही खचला होता. पडलेल्या पाकळीकडं तो बराच वेळ बघत राहिला. "कोयता न्हाय म्हणाला. मी पाडायचंच इचारलं, तेवढ्याचंच उत्तर आलं. बांधून घालायचं का, ते कुठं इचारलंय?"

"झाडाला बांधून?" क्रांतीनं विचारलं.

"भुंगं बाहीर पडणार म्हणतीस न्हवं? मग बाहीर पडू द्यायचं न्हाय. धरणावर माझा मेव्हणा मासं धरतोय. जाळी हाईत त्याच्याकडं."

क्रांती उठूनच उभी राहिली. "मामा! आमच्या ट्रेनिंगात सांगितलं हुतं की ह्ये! बारीक जाळं खोडाला गुंडाळलं की भुंगा त्यात अडकतोय. इसरलो बघा मी."

त्या आठवड्यात आंबेघोलनं दुसरं काम केलं नाही. सायकलच्या तारा, औषधाचे बोळे, चिखलाच्या घमेल्या. वरच्या झाडांची भोकं बुजली. ओढ्याकाठच्या आंब्याला मुळापासनं फांद्यांपर्यंत मासेमारीची बारीक जाळी दुहेरी गुंडाळली. बायकांनी जाळ्यांच्या फटी सुतळीनं शिवल्या. इरम रोज पेठेतनं यायची, वरनं बघून कुठला डेरा राहिला ते सांगायची, आणि मग स्वतःही चिखलात हात घालायची. जाळ्यात उभं राहिलेलं ते झाड तिला मुंडावळ्या बांधल्यासारखं दिसे. ती हे कुणाला बोलली नाही.

शिमग्याच्या आधी तिला परत बोलावणं आलं. भैरीचं झाड वाचलं का, ते आता वरनंच कळणार होतं. जोतीराम चटईशेजारी उकिडवा बसला. क्रांती येरझाऱ्या घालत होती.

ड्रोन राईवर गेला. या वेळी इरमनं रंगाला हात लावला नव्हता. ओढ्याकाठचा आंबा पार वाळला होता, जाळ्यात तसाच उभा; त्याच्या शेंड्यावर दोन धनेश बसले होते. वरची झाडं फिकट, पण पानांनी भरलेली. आणि मग भैरीचा आंबा आला.

सगळा पिवळा.

एका फांदीचा शेंडा नव्हे, अख्खा डेरा. इरमनं ड्रोन जागेवरच थांबवला. क्रांती तिच्या खांद्यावरनं वाकली आणि तिथंच गोठली.

"गेलं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

इरमनं ड्रोन खाली घेतला. आणखी खाली. पिवळ्याचे दाणे झाले, दाण्यांचे तुरे झाले. तुऱ्यांवर काही तरी हलत होतं. माश्या, मधमाश्या, हजारोंनी, सगळा डेरा हलवत होत्या. पिवळं पडलं नव्हतं झाड.

"मोहोर!" क्रांती एवढ्यानं ओरडली की जोतीराम बसल्या जागी कलंडला. "मोहोर आलाय ओ मामा! फांदी न् फांदी!"

इरमनं ड्रोन डेऱ्याभोवती हळूहळू फिरवला. एवढा मोहोर तिनं कधी बघितला नव्हता. कुठल्याच लग्नात, कुठल्याच मांडवात एवढी सजावट तिनं टिपली नव्हती. देवाच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, हा मोहोर होता.

पयला मान देवाचा. टॅब धोंड्यासमोर उभा राहिला. फिकं, कच्चं चित्र. जोतीराम नाक लावून बघत होता.

"आज पावडर हाय काय?"

"न्हाय मामा."

"खरं?"

"भैरीची आण."

"मग एवढं देखणं कसं गं?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता परत बघायला लागला.

संध्याकाळी इरम पेठेत परतली तेव्हा कपड्यांना मोहोराचा वास होता. कुतुबभाईंनी सगळं पिक्चर बघितलं, एकदा नव्हे, तीनदा. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "बरं, त्या शाहूपुरीच्या लग्नाचं काय? नवरीची आई सकाळधरनं फोन करालीया. लॉन करपलंय म्हणतीया."

इरमनं बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, खुर्ची ओढली, लग्न उघडलं. लॉन खरंच गवताच्या गंजीसारखं झालं होतं. तिनं बटण दाबलं. लॉन हिरवंगार झालं.

"अब्बा, चहा टाकता का? नवरीच्या मामाचं निम्मं डोकं कापलंय हितं, ते बघायला लागंल."